स्टार्टअप पुण्यात काढावं की जळगावात? दोन्हीकडे राहून जे कळलं ते

चोपड्याच्या दोन पोरांनी विचारलं, भाऊ, कंपनी पुण्यात काढू का इकडेच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आमचं केळी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं ॲप आहे, पहिली दोन वर्षं पुण्यात बाणेरला होतो, 2023 पासून जळगावात. रजिस्ट्रेशन, स्टार्टअप इंडियाची मान्यता वगैरे कुठूनही ऑनलाईन होतं, तो मुद्दा सोडून द्या.

माणसांच्या बाबतीत पुणं पुढेच आहे. तिथं चार-पाच वर्षं काम केलेला डेव्हलपर आठवड्याभरात इंटरव्ह्यूला येऊन बसतो, इथं तसा माणूस मिळायला आम्हाला सात महिने लागले अन् मिळाला तोही भुसावळचाच, आईवडिलांसाठी परत आलेला. बांभोरी, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पोरं चांगली येतात पण शिकवावं लागतं, आणि शिकली की काही जण दीड वर्षात पुण्याची गाडी धरतात. गुंतवणूकदाराला भेटायचं तरी रात्रीची ट्रॅव्हल्स आलीच.

पण आमचा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. बाणेरला असताना इकडच्या केळीपट्ट्यातून, रावेर-सावद्याहून, फोन यायचा, "भाऊ, ते तुमचं चालूच नही राह्यलं." आम्ही सर्व्हर बघायचो, लॉग बघायचो, सगळं ठीक. परत फोन, परत तेच. तीन आठवडे असेच गेले, दोन व्यापारी पुन्हा वहीवर गेले. शेवटी मीच पहाटे कापणीला जाऊन उभा राहिलो, तर मुनीमच्या बोटांना केळीचा चीक, वजन टाकायला गेला की स्क्रीन बोट घेईना, दोन-तीनदा पुसायचा अन् मग वैतागून वहीत लिहायचा. त्यात बागेच्या आत रेंज नाही. फोनवर हे त्याने कधीच सांगितलं नसतं, कारण त्याच्यासाठी चीक म्हणजे रोजचंच, त्यात सांगायचं काय? आम्ही बटणं मोठी केली, नोंद आधी मोबाईलमध्येच राहील आणि रेंज आली की वर जाईल असं केलं, ते दोघं परत आले. असलं काहीतरी महिन्यातून दोनदा निघायचं आणि प्रत्येक वेळी चारशेक किलोमीटर. आता सकाळी सातला निघून बाग बघून दुपारच्या आत टेबलावर असतो.

खर्चाचं म्हणाल तर बाणेरला सहा खुर्च्यांचं जे भाडं द्यायचो त्यात इथं अख्खा मजला आहे. वसुलीचा त्रास दोन्हीकडे सारखाच, इथं फक्त समोर जाऊन बसता येतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्याच दिवशी करा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावंच लागतं, ती ओळ बिलावर छापली तेव्हापासून आमची काही जुनी बिलं निघाली.

वाढीचं म्हणाल तर इथं बसलेला हिशोब पुढे बऱ्हाणपूरला चालतो, सोलापूरकडे करमाळा-टेंभुर्णीला चालतो, पद्धत थोडी बदलते, चीक तोच.

तुमचं गिऱ्हाईक परदेशी कंपन्या किंवा बँका असतील तर माझ्या मते पुणंच बरं, तिथं उगाच हट्ट करू नये. पण या चोपड्याच्या पोरांचं काम जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. त्यांना म्हटलं, दिवाळीनंतर एक सीझन कापसाच्या काट्यावर उभे राहा, बसायला आमच्या ऑफिसात दोन टेबलं रिकामी आहेत.