सोलरवाल्याने कोंबड्यांच्या शेडच्या नावाखाली 23,650 ला टोपी घातली

लिहायचं नव्हतं खरं तर, गावात आधीच हसं झालंय. पण परवा शेजारच्या वाडीत तोच माणूस फिरताना दिसला म्हणे, म्हणून लिहितोय.

परसात कावेरी जातीच्या कोंबडीची 60 पिल्लं आणली होती, एक दिवसाची, 35 रुपयांनी. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते आणि शेडवर लाईट नाही, शेगडी पेटवून किती रात्री जागणार? अशात व्हॉट्सॲपवर मेसेज आला, कुसुम योजनेतून पोल्ट्रीला सोलर, 60 टक्के सबसिडी. (कुसुममध्ये शेतकऱ्याला पंप मिळतो, खुराड्याला काही नाही, हे आता कळतंय.) एकूण 48,500, माझा हिस्सा 19,400, रजिस्ट्रेशन 2,500, फिटिंग 1,750. 2,500 फोनवरून पाठवले, बाकी 21,150 रोख. पावती मागितली तर म्हणाला सबसिडी जमा झाली की ओरिजिनल मिळेल. मी मूर्ख नाही हो, हिशोब केला होता, 60 वॅटचे दोन बल्ब, 330 वॅटचं पॅनल, 150 एएच (म्हणजे साठवण क्षमता) बॅटरी, रात्र आरामात निघते. कागदावर सगळं बरोबरच होतं!

आणि इथेच माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. त्याच्या पोराने ती बॅटरी टेम्पोतून एका हाताने उतरवली. एका हाताने! दुसऱ्या हातात मोबाईल, बोलत बोलत चालत आला. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी सरकवायची तर आम्ही दोघं घामाघूम होतो, 50 किलोच्या वर भरते ती. बायको म्हणालीसुद्धा, अहो हलकी दिसतीय, तर मीच शहाणा, म्हणलं नवीन टेक्नॉलॉजी असेल. पॅनलही माझ्या कंबरेएवढं, 330 चं पॅनल माणसापेक्षा उंच असतं, स्टिकरवर काय कुणी काहीही छापेल.

दुपारी बल्ब लावून दाखवला, फोटो काढला, गेला. रात्री 11 ला लावून झोपलो, अर्ध्या तासात बंद पडलं असणार. सकाळी 41 पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरून मेलेली. बॅटरी फोडली तर आत मोटरसायकलची बारकी बॅटरी आणि थर्माकोल.

पोलीस स्टेशनला गेलो तर व्हॉट्सॲपवरून झालंय, सायबरला जा. सायबरवाले म्हणे रोख दिलेत, स्टेशनला जा. चार चकरा, प्रत्येकी 120 रुपये पेट्रोल, तिसऱ्या वेळी साहेब जेवायला गेलेले ते सव्वाचारला आले आणि विचारतात काय, तर पिल्लांची पावती आहे का? अहो पिल्लं मेली माझी, चोर सोडून माझीच चौकशी! पशुसंवर्धनवाले म्हणाले अशी योजनाच नाही, तुम्ही आधी विचारायचं. आधी दोनदा आलो होतो, टेबलावर कुणी नव्हतं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन करा, मी नऊ दिवसांनी केला. रोख देऊच नका. बॅटरी स्वतः उचलून बघा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही म्हणतात, पण तिथं समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो, तो कुठून आणू?

काल नव्या नंबरवरून फोन, तुमची अडकलेली सबसिडी सोडवून देतो, फाईल चार्ज फक्त 1,500. मी जी शिवी दिली ती आईने देवघरातून ऐकली.