पोस्टग्रेसचं इन्स्टॉलेशन डॉक्युमेंटेशन : बरेच महिने वापरल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना हिशोबाचं सॉफ्टवेअर देणं हा आमचा धंदा. हळदीचे नि बेदाण्याचे सौदे, शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, सगळं पोस्टग्रेस (PostgreSQL) या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये जातं. दुकानात सर्व्हर बसवायला जाणाऱ्या मुलांसाठी आम्ही मराठीत एक टिपण ठेवलंय. ते पोस्टग्रेस १३ च्या काळातलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये १३ चा सपोर्ट संपणार होता, म्हणून टिपण नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून अधिकृत डॉक्युमेंटेशनचा इन्स्टॉलेशनचा भाग जवळजवळ रोज उघडावा लागतोय.

नवख्या माणसाला आधी एक धक्का बसतो. तयार पॅकेजमधून इन्स्टॉल करण्याचं प्रकरण जेमतेम दोन परिच्छेदांचं आहे. बहुतेक सिस्टिमसाठी पॅकेज मिळतं, तेच वापरा, सूचना डाउनलोडच्या पानावर बघा, संपलं. त्याच्या पुढचं प्रकरण मात्र लांबलचक, आणि ते सोर्स कोडमधून, म्हणजे मूळ प्रोग्रॅमवरून स्वतः सॉफ्टवेअर बांधण्याचं. यार्डातल्या दुकानात बसून कोण कंपाइल करतंय? तरी ते प्रकरण मी मुलांना एकदा वाचायला लावतो. त्यातला थोडक्यात कृतीचा भाग छान आहे : वेगळा युजर काढा, डेटा फोल्डर करून त्याच्या मालकीचं करा, इनिटडीबी (डेटाची सुरुवातीची मांडणी तयार करणारी आज्ञा) चालवा, सर्व्हर सुरू करा. पॅकेज आपल्या पाठीमागे नेमकं काय करतं, ते इतकं स्वच्छ दुसरीकडे सापडलं नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती पानाच्या वरच्या बाजूची आवृत्त्यांची ओळ. एकच पान १३ चं, १६ चं, १८ चं, एका क्लिकवर. एका दुकानात नवा सर्व्हर टाकला आणि बिलिंगचं जुनं मशीन पासवर्ड बरोबर असूनही आत येईना. दोन आवृत्त्यांचं तेच पान शेजारी उघडल्यावर उलगडा झाला : १४ पासून, वेगळं काही सांगितलं नाही तर, पासवर्ड साठवायची पद्धत जुनी एमडी५ नाही, स्क्रॅम आहे, आणि त्या मशीनवरच्या ड्रायव्हरला (डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) स्क्रॅम कळतच नव्हतं. ड्रायव्हर बदलला, काम झालं.

पण त्याच आवृत्त्यांनी टिपण लिहिणाऱ्याची पंचाईतही केली. १६ मध्ये विंडोजवर सोर्समधून बांधण्याचं वेगळं प्रकरण होतं. १७ मध्ये ती जुनी पद्धतच काढून टाकली, प्रकरण गेलं, आणि पुढचे सगळे आकडे एकानं मागे सरकले. पीजी-एचबीए, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलची माहिती १६ मध्ये एकविसाव्या प्रकरणात, १७ मध्ये विसाव्या. ‘प्रकरण २१ बघा’ असं लिहून ठेवलेलं टिपण त्या दिवशी शिळं झालं. आता आम्ही प्रकरणाचं नावच लिहितो, आकडा नाही.

खरी उणीव मला निराळीच वाटते. इन्स्टॉल करण्याआधी ठरवायच्या गोष्टी इन्स्टॉलेशनच्या पानांवर नाहीत. मराठी नावांच्या क्रमाचंच घ्या. एका दुकानातल्या दिवाणजींनी गावांची यादी माझ्यापुढे धरली. कडेगावनंतर कळंबी, मग कवठे पिरान, कवलापूर, कसबे डिग्रज. आणि शेतकऱ्यांच्या यादीत कोळी आणि खोत यांच्या मध्ये क्षीरसागर. दिवाणजी म्हणाले, ‘‘अहो, ळ हच्या नंतर येतो की. क्षीरसागर शेवटाला पाहिजेत. आम्ही चोपडीत असंच लावत आलोय.’’ त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. सर्व्हरनं अक्षरं युनिकोडमध्ये ज्या क्रमानं मांडलीत तसा क्रम लावला होता, आणि तिथं ळ लच्या शेजारी बसतो, क्ष कमध्येच मोजला जातो.

उपाय आहे. १५ पासून अख्ख्या डेटाबेसला आयसीयूचा (भाषाभाषांचे नियम सांभाळणाऱ्या लायब्ररीचा) क्रम देता येतो. डेटाबेस तयार करताना प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) एमआर-आयएन, म्हणजे भारतातली मराठी, आणि साचा टेम्प्लेट झीरो एवढं सांगायचं. मग कळंबी कसबे डिग्रजच्या खाली जाते आणि क्षीरसागर शेवटी. पण हे लिहिलंय कुठं? थोडं इनिटडीबीच्या पानावर, थोडं डेटाबेस तयार करायच्या आज्ञेत, बाकी लोकलायझेशनच्या प्रकरणात. आणि एकदा तयार झालेल्या डेटाबेसचा हा मूळ क्रम बदलता येत नाही; डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घेऊन नव्यात भरणं आलं. चालत्या दुकानात ऐन सौद्यांच्या हंगामात ते कोण करू देणार?

त्यात डेबियन, उबुंटू या लिनक्सवर पॅकेज टाकलं की ‘मेन’ नावाचं क्लस्टर (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांचा संच) आपोआप तयार होतं, सिस्टिमचं लोकेल असेल ते घेऊन. तुम्हाला विचारलंच जात नाही. रेड हॅटच्या लिनक्स घराण्यात उलट : त्या लिनक्सचं स्वतःचं पोस्टग्रेस मॉड्यूल असेल तर आधी बंद करा, पॅकेज टाका, मग सेटअपची आज्ञा हातानं चालवा, सर्व्हिसही हातानंच चालू करा. मला खरं तर हीच रीत आवडते, विचार करायला जागा मिळते. हा फरक मूळ पुस्तकात, म्हणजे डॉक्युमेंटेशनात, नाही, कारण ती पॅकेजवाल्यांची बाब. तर्क बरोबर आहे, पण दुकानात उभ्या असलेल्या मुलाला त्याचा उपयोग शून्य.

डेटा फोल्डरचंही तसंच. पुस्तकातल्या उदाहरणात तो यूएसआर-लोकलखाली, डेबियनवर व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएलमध्ये, रेड हॅटवर व्हार-लिब-पीजीएसक्यूएलमध्ये, विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये. इतर गावांत हा किरकोळ तपशील असेल. इथं २०१९ चा महापूर पाहिलेली माणसं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांकडे निघालं की सर्व्हर माडीवर न्यायला लागतात, आणि कोणीतरी ‘तेवढं डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो’ म्हणतं. बॅकअपच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की फाइली अशा उचलायच्या तर सर्व्हर आधी बंदच हवा, नाहीतर ती प्रत भरवशाची नाही. आमच्या टिपणात हे वाक्य आता पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आहे. शेजारी ‘शो डेटा डिरेक्टरी’ ही आज्ञा, म्हणजे फोल्डर शोधत बसायला नको.

१८ आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली तेव्हा टिपण अर्धवट होतं. तिनं आणखी एक पान वाढवलं. १८ मध्ये नवं क्लस्टर, वेगळं सांगितलं नाही तर, डेटा चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखायची खूण) चालू ठेवूनच तयार होतं. जुन्या दुकानांतली क्लस्टर चेकसमविना चाललेली, आणि दोन्हीकडे सारखं असल्याशिवाय आवृत्ती बदलणारं पीजी-अपग्रेड पुढे सरकत नाही. मग एकतर नवं क्लस्टर चेकसम बंद ठेवून करा, नाहीतर जुनं थांबवून पीजी-चेकसम्सनं चालू करून घ्या. आम्ही दुसरा मार्ग धरला. वेळ जातो, पण डिस्क खराब व्हायला लागली तर निदान कळतं तरी. ही गोष्ट रिलीज नोट्समध्ये स्थलांतराच्या सूचनांत अगदी वरती आहे, त्याबद्दल लिहिणाऱ्यांना पैकीच्या पैकी. रिलीज नोट्स न वाचता अपग्रेडला हात घालणाऱ्याला मी आमच्याकडे कामावर ठेवणार नाही.

भाषेबद्दल तक्रार नाही. इंग्रजी सरळ आहे, बढाई नाही, वाक्यं तोलून लिहिलेली. फ्रेंच, जपानी, रशियन भाषांतरं आहेत. मराठीत काही नाही, म्हणून आमच्यासारख्यांची टिपणं चालतात. चूक दिसली तर प्रत्येक पानाच्या तळाशी कळवायची सोय आहे.

ज्याला डेटाबेस थोडाफार येतो त्यानं हे डॉक्युमेंटेशन डोळे झाकून वापरावं. पहिल्यांदाच सर्व्हर टाकणाऱ्यानं आधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : लोकेल कोणतं, चेकसम हवं का, डेटा कुठल्या डिस्कवर. मगच पॅकेजला हात लावावा. आमच्या टिपणाचा विंडोजचा भाग अजून व्हायचाय. तिथला इन्स्टॉलर लोकेलची भलीमोठी यादी पुढे टाकतो, मुलं घाईत ‘नेक्स्ट’ दाबून मोकळी होतात, त्यामुळे तो भाग मी चित्रांसकट लिहितोय.