एलजीबीचा ४५ मिमी रूळ पुण्याच्या बागेत: उन्हाळा, पावसाळा आणि आंब्याचा चिकटा

बागेतल्या मॉडेल रेल्वेचं इंजिन संध्याकाळी कपाटात जातं. रूळ मात्र बारा महिने बाहेर असतो. म्हणून पुण्यात एलजीबी या जर्मन ब्रँडचा सेट घेताना आधी रूळ पारखावा.

जर्मनीत १९६८ साली सुरू झालेल्या या गाड्यांचं प्रमाण १:२२.५ आहे, म्हणजे ४५ मिमीचा रूळ (दोन रुळांमधलं अंतर, अर्थात गेज) खऱ्या मीटर गेजची प्रतिकृती ठरतो. जुन्या पुणे-मिरज मार्गासारखी गाडी बसवायची असेल तर माप चपखल जुळतं. माथेरानची गाडी ६१० मिमी गेजची. ती याच रुळावर हवी असेल तर डबे साधारण १:१३.५ प्रमाणात, चांगलेच मोठे बांधावे लागतात.

रूळ उत्तम आहे, हे आधीच सांगतो. भरीव पितळ, उंची ८.४ मिमी, स्लीपर ऊन सोसणाऱ्या प्लास्टिकचे. बागेत वावरताना चुकून पाय पडला तरी काही होत नाही. उणीव आहे ती वळणांची. बहुतेक स्टार्टर सेटमध्ये ६०० मिमी त्रिज्येचं, १२ तुकड्यांचं वर्तुळ येतं. दोन आसांचं छोटं ‘स्टाइन्झ’ इंजिन त्यावर झकास पळतं, पण लांब बोगीचे डबे जोडले की चाकांच्या कडा घासतात आणि इंजिनाला ओढ जड जाते. मुख्य मार्गाला ११९५ मिमीची वळणं घ्या, पूर्ण वर्तुळाला १६ तुकडे लागतात. सेटमधली वळणं यार्डात वापरा.

काळ्या मातीवर थेट रूळ टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि मार्ग लाटेसारखा होतो. १५ सेंमी खणून तळाला मुरूम ठोकून बसवा, त्यावर २० मिमीची खडी आणि शेवटी ५ सेंमी कच (दगडाचा बारीक चुरा). १० मीटर लांब, २५ सेंमी रुंद पट्ट्याला एवढी कच साधारण १९० किलो लागते. गोल गोटे नकोत, ते घरंगळतात. काँक्रीटचा पाया चालेल, पण रूळ त्यात पक्का रुतवायचा नाही, कारण पितळ हलतं: तापमानात ५० अंशांचा फरक पडला की १० मीटरला जवळपास साडेनऊ मिमी. डिसेंबरच्या पहाटेचा रूळ आणि मेच्या दुपारचा रूळ यांत एवढा फरक सहज पडतो. थंडीत जोडताना ३० सेंमीच्या दर तुकड्याला अर्धा मिमी फट ठेवा. भर उन्हात जोडत असाल तर तुकडे भिडवले तरी चालतात. स्क्रूचे क्लॅम्प लावणार असाल तर दर चार-पाच मीटरला एक सरकता सांधा ठेवून त्यावरून वायरचा पूल द्या.

पावसाळ्यात गाडी दूरच्या टोकाला मंदावते, ती बहुधा सांध्यांमुळे. जोडपट्टीत ओल आणि माती शिरते, पितळ काळवंडतं, विजेचा दाब घसरतो. फक्त वाहक पेस्टवर विसंबू नका. दर तीन मीटरला १.५ चौ. मिमीची वायर थेट रुळाला जोडा. ट्रान्सफॉर्मर घरातच हवा, पत्र्याच्या आडोशालाही नाही, आणि त्याच्या सर्किटला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेच्या) मोटरमध्ये मुंग्या माती भरतात, त्यामुळे जूनआधी मोटर काढून ठेवा आणि चार महिने पॉइंट हाताने फिरवा.

आंब्याखालचा मार्ग वेगळी डोकेदुखी आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा रुळावर पडतो, त्यावर धूळ बसते आणि चाकांवर काळा थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रूळ आणि चाकं दोन्ही पुसा. तारेची घासणी अजिबात वापरू नका, तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला चिकटून आत जातात.

जुना रूळ मिळाला तर काळा पडलाय म्हणून नाकारू नका, काळेपणा निघतो. प्रत्येक तुकडा उलटा करून स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या बारीक खुंट्या तपासा. त्या तुटल्या असतील तर वळणावर गेज रुंदावतं आणि चाक आत पडतं. असे तुकडे फुकट मिळाले तरी घेऊ नका.