क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या: हिरड्या सुधारल्या, दात तपकिरी झाले

आधी निकाल सांगते, मग कहाणी. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशला कामाचे गुण पैकीच्या पैकी. पण हिरड्यांचं ऑपरेशन ठरलं असेल आणि दिवसाला चार-पाच चहा होत असतील, तर डागांची तयारी ठेवा.

हिरड्यांतून रक्त येणं माझं जुनंच. एक्स-रेत दाढांच्या मुळाशी हाड झिजलेलं दिसलं, नुसतं किटण काढून भागणार नव्हतं, म्हणून फ्लॅप सर्जरी. हिरडी उघडून आतलं साफ करायचं आणि टाके घालायचे. माझी एका वेळी तोंडाचा एक चतुर्थांश भाग अशी टप्प्याटप्प्याने झाली. त्यामुळे एरवी दोन-तीन आठवड्यांत हद्दपार होणारी ही बाटली आमच्या बेसिनवर हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मुक्कामाला होती. ऑपरेशन केलेल्या भागाला डॉक्टर सांगतील तोवर ब्रश लावायचा नाही. ब्रशचं काम या गुळण्यांनी करायचं.

आणि ते त्या करतात. दिवसातून दोनदा १० मिली, या मापाने ब्रश न करताही दातांवर थर बसत नाही, हे १९७० सालीच डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं होतं. माझ्या टाक्यांजवळ कधी पू झाला नाही, सूज लवकर उतरली. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची सहा-सात मिलिमीटरची खोली आता बहुतेक ठिकाणी तीनवर आली आहे. त्यातलं मोठं श्रेय अर्थात सर्जरीचं.

आता चव. तोंडात घेतल्या घेतल्या पुदिना, आणि मिनिटभर घोळवून थुंकलं की मागून कडू. ते कडू सहन होतं. खरी पंचाईत मिठाची. गुळणी करून जेवायला बसलं की आमटी अळणी लागते. घरातले सगळे मुकाट्याने जेवतायत आणि मी पुन्हा पुन्हा मीठ मागतेय, असं बरेच दिवस चाललं. रक्तदाबवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. यावर उपाय सोपा आहे, गुळणी जेवणानंतरच करायची.

डाग लगेच दिसत नाहीत. पहिल्या टप्प्यानंतर थोड्याच आठवड्यांत खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे सारखी जीभ लागते, तिथे तपकिरी रेघ दिसली. मग दोन दातांच्या फटीत, मग हिरडीच्या कडेने. जिभेचा मागचा भागही मळकट. एका लग्नात मावशीने माझ्या तोंडाकडे बघून सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, मिसरी लावायला लागलीस की काय?" गावाकडे मिसरीवाल्या बायकांचे दात पाहिले आहेत. रंग अगदी तोच!

गंमत म्हणजे गुण आणि दोष दोन्ही एकाच स्वभावातून येतात. हे रसायन दातांना आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून बसतं आणि तासन् तास हळूहळू सुटत राहतं, म्हणून दोनच गुळण्या पुरतात. पण असं चिकटलेलं असताना वरून चहा-कॉफी आली, की त्यातलं टॅनिन त्याला धरून दातावर जमतं. म्हणजे ज्या औषधाने डाग पडत नाही, ते तितकं चिकटत नसावं, असा संशय घ्यायला जागा आहे. डाग कमी पाडणारा एक प्रकार मिळतो, त्यात क जीवनसत्त्व आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. शेवटच्या टप्प्याला मी तो वापरला. डाग कमी पडले खरे, पण तोवर मी चहाही निम्म्यावर आणला होता, त्यामुळे पूर्ण श्रेय बाटलीला देणार नाही.

माझी तक्रार डागांपेक्षा न सांगण्याची आहे. चिठ्ठीवर फक्त "माउथवॉश, दिवसातून २ वेळा". औषधाच्या दुकानातही कोणी बोललं नाही. टाके काढताना मीच विचारलं तेव्हा उत्तर आलं, "हो ताई, येतात डाग, पॉलिशिंगला निघून जातात." हे एक वाक्य ऑपरेशनच्या आधी सांगितलं असतं तर मावशीला उत्तर तरी तयार असतं.

मला उपयोगी पडलं ते असं: सकाळचा चहा गुळणीच्या आधी उरकायचा, नंतर निदान तासभर चहा-कॉफी नाही. कोरा चहा तर नकोच. बाकीच्या दातांना पेस्ट लावून लगेच गुळणी करू नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टला फेस आणणारा पदार्थ या औषधाचा जोर मारतो. लिंबू-मीठ, कोळशाची पूड वगैरे सल्ले भरपूर मिळतील. टाक्यांच्या तोंडात त्यातलं काही घालू नका.

सगळे टप्पे संपल्यावर एका बैठकीत किटण काढून पॉलिश केलं, फिरत्या रबरी कपाने आणि पेस्टने. तपकिरी रंग गेला. किटणही नेहमीपेक्षा जास्त साचलं होतं, या औषधाने तेही होतं म्हणे. एकच गोष्ट राहिली. वरच्या पुढच्या दाताला दाताच्याच रंगाचं जुनं फिलिंग आहे, त्याची कड अजून पिवळट तपकिरी आहे. ती नुसती घासून निघेना, फिलिंगच बदलावं लागेल. पुढच्या दातांना असं फिलिंग असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

सांगितलेल्या मुदतीनंतर हे वापरू नका, रोजच्या माउथवॉशसारखं तर नाहीच. आमच्या घरी उरलेल्या बाटलीवर नवऱ्याचा डोळा होता, तोंडाला वास येतो म्हणून. बाटली काढून घेतली आणि त्यांची हिरड्या तपासायची वेळ त्याच डॉक्टरांकडे घेतली. सोमवारी संध्याकाळी जायचंय, आणि सध्या त्यांना त्या दिवशी ऑफिसात फार महत्त्वाचं काम आहे.