हायड्रॉक्सिझीन: काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

अंगावर उठणाऱ्या गांधी आणि त्यांच्या जोडीला रात्रीची घालमेल, या दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मला हायड्रॉक्सिझीन लिहून दिलं. खाज सुटली की झोप उडायची, झोप उडाली की छातीत धडधडायचं आणि त्या अस्वस्थतेत खाजवणं आणखी वाढायचं. गोळीने हे चक्र खरोखर थांबवलं. घेतल्यावर तासाभरात खाज बसू लागते, जिवाची तगमगही कमी होते.

त्रास झाला तो सकाळच्या झापडीचा. डोळे उघडे, पण डोकं जड. समोरचा काय बोलतोय ते कळायलाही वेळ लागायचा. हे जुन्या पिढीचं, 1950च्या दशकापासून वापरात असलेलं अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जी दाबणारं औषध आहे. ते मेंदूत सहज शिरतं, म्हणून गुंगी येते. शिवाय प्रौढ माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 20 तास लागतात, वयस्करांत त्याहूनही जास्त. म्हणजे आजची गोळी घेताना कालची बरीचशी अंगात असतेच. हे डॉक्टरांनी समजावल्यावर मी सकाळी गाडी चालवणं बंद केलं. त्यांनी डोस 25 मिलिग्रॅमवरून 10 वर आणला आणि गोळी झोपायच्या बरीच आधी घ्यायला सांगितली. तेव्हा कुठे सकाळ मोकळी झाली. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनसारखी गुंगी आणणारी औषधं यांच्यासोबत ती घेऊच नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. यकृतात या औषधाचं सेटिरिझिन बनतं, तेच जे सर्दी-खाजेसाठी आपण सहज घेतो. त्यामुळे दिवसा खाज आली म्हणून वरून सेटिरिझिन घेणं म्हणजे एकाच कामासाठी दोन औषधं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसं करू नका.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हृदयाची बाजू. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, कधी बेशुद्ध पडलात का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. मग ईसीजी काढला. या औषधाने ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयातले विद्युत-संकेत उठून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ, लांबू शकतं आणि क्वचित ठोक्यांची लय धोकादायक बिघडते. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने 2015 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला कमाल 100 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. वृद्धांना शक्यतो देऊच नये आणि द्यावंच लागलं तर 50 च्या वर नको, असंही सांगितलं. क्यूटी आधीच लांबलेलं असेल तर हे औषध वर्ज्यच. एरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं किंवा नैराश्यावरचं सिटालोप्रॅम यांच्यासोबत धोका वाढतो. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटलं तरीही वाढतो. मध्ये छातीत कफ झाला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना मी चालू औषधांची यादी दाखवली, आणि त्यांनी लिहिलेलं प्रतिजैविक तिथल्या तिथे बदललं. ती यादी पाकिटात ठेवाच. गोळी चालू असताना धडधड किंवा भोवळ आली, तर ती चिंतेचीच असेल असं धरून बसू नका, लगेच दाखवा.

तोंड कोरडं पडतं, थोडा बद्धकोष्ठ होतो; पाणी वाढवून माझं भागलं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर मात्र आधी सांगायला हवं. गरोदरपणातही, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, हे औषध टाळतात.

चिंतेबाबत माझं मत स्पष्ट आहे: ती रात्र निभावायला गोळी उत्तम, पण चिंतेच्या मुळाशी ती जात नाही. चार महिन्यांपलीकडे चिंतेवर तिचा उपयोग होतो की नाही हे नीट तपासलेलंच नाही, असं औषधासोबतच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मी समुपदेशन सुरू केलं, आणि आता डॉक्टरांच्या सल्ल्याने ज्या रात्री खाज फार उठते तेव्हाच गोळी घेते. लवकरच त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी आहे. अँटिहिस्टामिन अंगात असेल तर तिचा निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो, म्हणून गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांकडून लिहून घेतलं आहे.