फिफाचं फुटबॉल ट्रायब्युनल: करारातून सुटण्यासाठी ही सेवा कितपत कामाची?

क्लबने पगार थकवला असेल तर बिनधास्त जा. दुसऱ्या क्लबने जास्त पैसे देऊ केलेत म्हणून चालू करार मोडायचा असेल, तर आधी वकिलाच्या फीचा हिशोब करा आणि मग जा. फिफाच्या फुटबॉल ट्रायब्युनलबद्दलचं आमचं मत इतकंच आहे. पण तपशिलात बऱ्याच खाचाखोचा आहेत.

हे ट्रायब्युनल, म्हणजे फुटबॉलमधले वाद सोडवणारं फिफाचं मंडळ, ऑक्टोबर 2021 पासून या रूपात चालतं. खेळाडू आणि क्लब यांच्यातलं करारावरचं भांडण त्याच्या डिस्प्यूट रेझोल्युशन चेंबरपुढे, म्हणजे वाद सोडवणाऱ्या विभागापुढे येतं. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वादातला एक पक्ष खेळाडू असेल तर कार्यवाहीचा खर्च आकारला जात नाही. अर्ज फिफाच्या लीगल पोर्टलवरून करायचा, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. सोबत लागतात: करार, थकबाकीचा हिशोब, क्लबला पाठवलेली नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, बँक खात्याचा सही केलेला फॉर्म, वकील असेल तर मुखत्यारपत्र. करार मराठीत किंवा बंगालीत असेल तर भाषांतर जोडा. घटनेला दोन वर्षं उलटली की दावा ऐकलाच जात नाही.

पण हे दार सगळ्यांसाठी उघडं नाही. वादाला आंतरराष्ट्रीय बाजू लागते. कोल्हापूरच्या पोराचं मुंबईच्या क्लबशी बिनसलं तर त्याने ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जायचं. त्याच क्लबमधल्या स्पॅनिश मिडफिल्डरला मात्र थेट फिफाकडे जाता येतं. तोच कोल्हापूरचा पोरगा मालदीवच्या क्लबकडून खेळत असेल तर त्यालाही. परदेशी खेळाडूंच्या करारात कधीकधी वाद देशातल्या लवादाकडे नेण्याचं कलम असतं. तो लवाद फिफाच्या निकषांत बसत असेल तर तुमची वाट तिकडे वळू शकते, म्हणून सही करण्याआधी शेवटची दोन पानं वाचा. एजंट ही पानं भराभर उलटतात.

आता खरी गंमत. पगार थकल्यावर करार संपवण्याचा हक्क फिफाच्या नियमावलीतल्या कलम 14 बिसमधून (बिस म्हणजे मूळ कलमाला जोडलेलं कलम) येतो: किमान दोन महिन्यांचे पगार थकलेले हवेत, क्लबला लेखी नोटीस हवी आणि पैसे भरायला किमान 15 दिवसांची मुदत हवी. शेजारीच कलम 12 बिस आहे. तिथे रक्कम 30 दिवसांहून जास्त थकलेली लागते आणि नोटिशीची मुदत 10 दिवसांची. तो रस्ता पैसे वसूल करायचा आणि क्लबला शिक्षा व्हायची, करारातून सुटायचा नव्हे. लोक नेमके इथे घसरतात. 10 दिवसांची नोटीस पाठवतात, अकराव्या दिवशी बॅग भरतात आणि मग क्लबच उलटा दावा लावतो की खेळाडू पळून गेला.

नोटीस कशी असावी? समजा पगार महिन्याला 4,000 डॉलर आहे आणि करारानुसार तो पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला द्यायचा आहे. मार्च आणि एप्रिलचे पगार आले नाहीत. मग 1 मेला नोटीस पाठवून उपयोग नाही, कारण एप्रिलच्या पगाराची तारीख अजून यायची आहे. नोटीस 6 मेला पाठवा आणि महिन्यागणिक लिहा: मार्च 4,000, एप्रिल 4,000, एकूण 8,000 डॉलर, अमुक खात्यात, 15 दिवसांत, न भरल्यास कलम 14 बिसप्रमाणे करार संपवण्यात येईल. ती क्लबच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. टीम मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला मेसेज हा लंगडा पुरावा. करार संपवल्याचं पत्र 22 मेच्या आधी नको. बरेच क्लब चौदाव्या दिवशी एका महिन्याचा पगार टाकून मोकळे होतात. घाबरू नका. नोटिशीत पूर्ण रक्कम मागितली असेल तर अर्धी भरून क्लबची सुटका होत नाही. पण ते पैसे घेताना "आता काही येणं बाकी नाही" अशा कागदावर सही केलीत तर केस तिथेच संपली. मुदत टळून गेल्यावर दोन महिने गप्प सराव करत राहणंही अंगाशी येतं.

मिळतं काय? वरच्याच उदाहरणात कराराचे 10 महिने उरलेत असं धरू, म्हणजे 40,000 डॉलर. नव्या क्लबने त्याच काळासाठी महिन्याला 2,500 दिले तर 25,000 वजा होऊन 15,000 उरतात. करार थकबाकीमुळेच संपला असेल तर आणखी तीन महिन्यांचे पगार, म्हणजे 12,000. भरपाईची बेरीज 27,000, आणि ती उरलेल्या कराराच्या मूल्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. थकलेले 8,000 वेगळे. व्याज अर्जातच मागा. वर्षाला 5 टक्के हा तिथला रुळलेला दर आहे.

वसुलीच्या बाबतीत मात्र दाद द्यावी लागेल. निकालानंतर 45 दिवसांत क्लबने पैसे भरले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते, जास्तीत जास्त सलग तीन ट्रान्सफर विंडोंपर्यंत, म्हणजे खेळाडू नोंदवण्याच्या ठरलेल्या मुदतींपर्यंत. पैसे भरले की बंदी उठते. कोर्टाची डिक्री हातात घेऊन वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांना हे स्वप्नवत वाटेल. क्लबने नाव बदलून नवी कंपनी काढली तरी वारस क्लब म्हणून त्याला पकडता येतं; क्लब खरोखरच बुडाला तर मात्र हात चोळत बसावं लागतं.

खेळायला मिळत नाही म्हणून सुटायचं असेल तर कलम 15 आहे, पण त्याचा फार भरवसा धरू नका. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हवा, हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी 10 टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळलेला हवा आणि करार हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतरच्या 15 दिवसांतच संपवायला हवा. तरीही भरपाई द्यावी लागू शकते.

आता अवघड भाग. पगार वेळेवर येतोय, करार चालू आहे, पण जायचं आहे. कलम 17 खेळाडूला साखळदंडाने बांधत नाही, पण किंमत लावतं. 28 वर्षांचं होण्याआधी सही केली असेल तर पहिली तीन वर्षं किंवा तीन हंगाम संरक्षित, नंतर सही केली असेल तर दोन. त्या काळात मोडलं तर भरपाई द्यावी लागतेच, वर चार महिन्यांची बंदी, गंभीर प्रकरणात सहा. काळ उलटल्यावर बंदी नाही, पण शेवटच्या सामन्यानंतर 15 दिवसांत कळवावं लागतं.

किंमत किती, हे आधी सांगता येत नाही, आणि या सेवेचा सगळ्यात मोठा दोष हाच. स्कॉटिश बचावपटू अँडी वेबस्टर 2006 मध्ये हार्ट्स क्लब सोडून विगनला गेला; लोझानच्या क्रीडा लवादाने, म्हणजे कॅसने, 2008 मध्ये भरपाई दीड लाख पौंडांवर आणली. ब्राझीलचा माटुझालेम 2007 मध्ये युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क क्लब सोडून स्पेनच्या सारागोसाला गेला. त्याच कलमाखाली कॅसने 2009 मध्ये जवळपास 1 कोटी 19 लाख युरो ठरवले. ते न भरल्याबद्दलची बंदी शेवटी 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. एवढा फरक असेल तर कुठला खेळाडू आणि कुठला नवा क्लब धोका पत्करेल?

फ्रेंच खेळाडू लास्साना दिआराच्या प्रकरणात नेमकं हेच झालं. लोकोमोटिव्ह मॉस्कोशी फाटल्यावर त्याच्यावर 1 कोटी 5 लाख युरोंची भरपाई बसली, आणि बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार असूनही बिचकला, कारण नव्या क्लबलाही त्या रकमेसाठी जबाबदार धरायचे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी हे नियम खेळाडूच्या ये-जा करण्याच्या स्वातंत्र्याला आणि स्पर्धेला बाधक ठरवले. त्यानंतर फिफाने डिसेंबर 2024 मध्ये अंतरिम नियम आणले: नव्या क्लबने चिथावल्याचं सिद्ध झालं तरच त्याच्यावर जबाबदारी, आणि दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना लागणारं ट्रान्सफर सर्टिफिकेट भांडणापायी अडवून ठेवता येत नाही. सेवा सुधारली ती बाहेरच्या न्यायालयाने कान पिळल्यावर, हे नोंदवायलाच हवं.

आपल्याकडे अन्वर अलीचं प्रकरण ताजं आहे. दिल्ली एफसीचा हा बचावपटू मोहन बागानकडे लोनवर होता. तो करार संपवून 2024 मध्ये ईस्ट बंगालला गेला. फेडरेशनच्या समितीने सप्टेंबर 2024 मध्ये चार महिन्यांची बंदी, 12 कोटी 90 लाख रुपयांची भरपाई आणि ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी या दोन्ही क्लबांना दोन विंडोंची नोंदणीबंदी सुनावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तो आदेश मागे पडून नव्याने सुनावणी करायचं ठरलं. एवढा जड आदेश पहिल्याच पायरीवर टिकू नये, ही कमिटीच्या कामावरची टीका समजा.

भारतीय कायद्याचा एक आधार लक्षात ठेवा. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेला करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. फार तर कराराच्या मुदतीत दुसरीकडे जाऊ नको असं सांगेल. मुदत संपल्यावर तेही नाही: श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याचं मार्केटिंग करणाऱ्या कंपनीने जुन्या करारातल्या पहिल्या हक्काच्या कलमावरून (नवा करार दुसऱ्याशी करण्याआधी आपल्याला संधी द्यायची) अडवायचा प्रयत्न केला, तो सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फेटाळला. त्यामुळे करार चालू असताना जाऊ पाहणाऱ्या खेळाडूला क्लबने सोडावं का, यावर आमचं उत्तर हो आहे, फुकट मात्र नाही. नको असलेल्या खेळाडूला डगआऊटमध्ये बसवून क्लबचंही भलं होत नाही.

अपिलाबाबत एक सावधगिरी. ट्रायब्युनल आधी नुसता निकाल कळवतं. 10 दिवसांत कारणं मागितली नाहीत तर तो अंतिम होतो. कारणं मिळाल्यावर कॅसकडे जायला 21 दिवस. तिथे 1,000 स्विस फ्रँक भरूनच दार उघडतं, आणि पुढे लवादाच्या खर्चाची आगाऊ रक्कम मागतात. फिफाकडे फुकटात जिंकलेली केस इथे महाग पडू शकते.

पाचपैकी गुण: पगार थकला असेल तर साडेचार, मनाने जायचं असेल तर दोन. दुसऱ्या गटातल्यांनी ट्रायब्युनलच्या भरवशावर न राहता सही करतानाच बायआऊटची रक्कम, म्हणजे मुदतीआधी सुटण्याची ठरलेली किंमत, करारात लिहून घ्यावी: आकडा, चलन, कुठल्या तारखेपर्यंत लागू, आणि पैसे नवा क्लब भरणार की खेळाडू.