उणे ६ चा चष्मा, उणे ५.५० ची लेन्स: अ‍ॅक्युव्ह्यू ओएसिस वापरताना

माझ्या दोन्ही डोळ्यांना उणे ६ नंबर आहे. पहिल्या कॉन्टॅक्ट लेन्स मी घराजवळच्या एका दुकानातून घेतल्या. तिथे चष्म्याच्या चिठ्ठीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवला गेला, आणि पुढचा महिनाभर वाचायला बसले की कपाळ ठणकू लागे. नंतर ऑप्टोमेट्रिस्टकडे गेल्यावर उलगडा झाला. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, तर लेन्स बुबुळावरच्या अश्रूंच्या थरावरच टेकते; त्यामुळे किरण दृष्टिपटलावर नेमके एकत्र आणण्यासाठी तिला उणे शक्ती कमी लागते आणि माझा नंबर उणे ५.५० होतो. (चष्म्याचा नंबर चारच्या आत असेल, तर हा फरक नगण्य ठरतो.)

त्यांनी डोळ्याची वक्रता मोजून, ८.४ बेस कर्व्हच्या (म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूच्या वक्रतेच्या) अ‍ॅक्युव्ह्यू ओएसिस या पंधरवड्याच्या लेन्स दिल्या. त्या सिलिकॉन हायड्रोजेल या मऊ, पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या आहेत. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसल्याने त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतूनच घ्यावा लागतो, आणि तो या लेन्समधून सिलिकॉनमुळे सहज पोहोचतो. त्यामुळे लेन्समधील पाण्याचे प्रमाण ३८ टक्केच आहे, म्हणजे प्राणवायू कमी पडेल, असे वाटून बिचकण्याचे कारण नाही. लेन्स उलटी तर नाही ना, हे कडेवरच्या '१२३' या बारीक खुणेवरून कळते. डब्यात सहा लेन्स असतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असल्याने मला एक डबा सहा आठवडे पुरतो.

दिसण्यातला फरक मात्र अपेक्षेहून मोठा निघाला. जाड उणे काचांतून सारे जग लहान दिसते, हे चष्मा उतरेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. लेन्स नजरेबरोबर फिरत असल्याने रस्ता ओलांडताना कडेचेही स्पष्ट दिसते.

संगणकासमोर पापण्या कमी लवतात, त्यामुळे संध्याकाळी डोळे कोरडे पडतात. लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने धुणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म एकपेशीय जीव डोळ्याला गंभीर संसर्ग करू शकतो; लेन्स ठेवण्याचे द्रावणही रोज नवे घ्यावे लागते. शिवाय उणे नंबरवाल्यांना जवळचे पाहताना चष्म्यापेक्षा लेन्समध्ये डोळ्यांवर थोडा अधिक ताण पडतो, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तो जाणवतोच. सुईत दोरा ओवायला मी अजूनही लेन्स काढून चष्माच लावते.